किल्ल्यांच्या जुडग्यातली बॅटरी आणि अर्ध्यात अडकलेली लिफ्ट

"मोबाईलला टॉर्च असताना किल्ल्यांना वेगळी बॅटरी कशाला लावता?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं. मी नाशकात लिफ्ट मेंटेनन्सचं काम करतो, सतरा वर्षं झाली, आणि आमच्याकडे अंधार रोजचाच, पिटात म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात अंधार, डक्टमध्ये म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या उभ्या पोकळीत अंधार, मशीन रूमचा बल्ब उडालेला असणार हे धरूनच गच्चीवर चढायचं. मोठा टॉर्च बॅगेत असतो, पण बॅग खाली गाडीला आणि आपण सातव्या मजल्यावर असं नेहमीच होतं. मोबाईल तोंडात धरता येत नाही, त्यावर त्याच वेळी सेक्रेटरीचा नाहीतर आत अडकलेल्या माणसाचा कॉल चालू असतो, आणि माझा एक मोबाईल कार टॉपवरून, म्हणजे केबिनच्या छतावरून, चार मजले खाली पिटात गेलेला आहे, तेव्हापासून डक्टच्या तोंडाशी मी खिशातून फोन काढतच नाही.

तर या जूनमध्ये जुन्या किचेन टॉर्चचं बटण गेलं आणि मी एकदम दोन नवीन मागवले, म्हटलं दोन महिने दोन्ही एकाच जुडग्यात वापरू, जो टिकेल तो ठेवू. नावं लिहीत नाही, कंपनीशी माझं काही भांडण नाही. पहिला टाइप-सीवर चार्ज होणारा, अंगठ्यापेक्षा थोडा लांब, बुडाला मॅग्नेट, बॉक्सवर ५०० लुमेन (एकूण उजेडाचं माप), उजेड पांढराशुभ्र, जरा निळ्याकडे झुकणारा. दुसरा रिमोटच्या बारीक सेलवर चालणारा, म्हणजे ट्रिपल ए, डोकं पिळलं की चालू, आधी अगदी मंद, मग मधला, मग फुल, आणि फुल म्हणजे पण ९० लुमेनच. उजेड थोडा पिवळसर, बॉक्सवर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वर लिहिलेला.

खरं सांगतो, पहिला महिना मी पूर्ण ५०० वाल्याच्या बाजूने होतो. संध्याकाळी गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगवर मारला की अख्खी भिंत उजळायची. पण दोन मिनिटांच्या आत उजेड निम्म्याच्याही खाली, कारण एवढ्याशा अंगाला ती उष्णता बाहेर टाकायला जागाच नाही, सर्किट स्वतःच उजेड उतरवतं, नाहीतर एलईडी जळेल. बॉक्सवरचा रनटाईम पण जपून वाचायला पाहिजे हे तेव्हा कळलं. एफएल-१ म्हणून जे स्टँडर्ड आहे त्यात चालू केल्यावर ३० सेकंदांनी जो उजेड असतो तो सुरुवात धरतात आणि तो १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ रनटाईम म्हणून लिहितात, म्हणजे ५०० चे ५० उरले तरी कागदोपत्री टॉर्च चालूच. तसंच बीम डिस्टन्सचं, तिथे ०.२५ लक्स उजेड पडतो ते अंतर लिहितात, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड धरा. चांदण्यात वायरीचं टर्मिनल कसं दिसणार?

खिशातल्या सवयी वेगळ्याच. बटणवाला एकदा खिशातच चालू झाला, द्वारकेच्या सिग्नलला मांडीला चटका बसला तेव्हा समजलं, मग बुडाचा आटा पाव फेरा सैल ठेवायला लागलो, कॉन्टॅक्ट तुटतो आणि आपोआप चालू व्हायचा प्रश्न मिटतो. मॅग्नेटला गाईड रेलजवळचा लोखंडी चुरा चिकटतो, तो पुसत बसावं लागतं, पण पॅनलच्या दाराला टॉर्च चिकटवून दोन्ही हात मोकळे मिळतात ते सुख मोठं आहे. पिळायचा टॉर्च ग्रीसच्या हाताने फिरतच नव्हता, त्याच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबची एक रिंग कापून चढवली, मग एका हाताने फिरायला लागला. दातात धरायलाही तो बरा, हलका आहे. सेल साधा अल्कलाईन टाकायचा नाही, महिनोन्महिने पडून राहिला की गळतो आणि आत पांढरी पूड धरून टॉर्चच कायमचा जाम होतो, मी चार्जेबल निकेलवाला टाकतो.

सीआरआयचं मात्र मला काडीचं महत्त्व वाटत नव्हतं. घरी दोन्हींचा उजेड भिंतीवर मारून दाखवला, बायको म्हणाली पिवळा डोळ्याला बरा वाटतो, विषय संपला. ९० वाला आता ड्रॉवरमध्ये जाणार हे माझं जवळजवळ ठरलं होतं.

मग तो ऑगस्टचा दिवस आला. सकाळपासून पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, सगळ्या ग्रुपवर दुतोंड्या मारुतीला (गोदावरीतली ही मूर्ती बघूनच नाशिककर पुराचा अंदाज घेतात) पाणी कुठपर्यंत आलं त्याचे फोटो. संध्याकाळी साडेसातला मी आणि माझा हेल्पर अंबडमध्ये एक गुड्स लिफ्ट उरकत होतो तेव्हा फोन आला, गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली जुनी सात मजली बिल्डिंग, लाईट गेली आणि लिफ्ट अडकली, आत एक आजी आणि त्यांचा नातू. त्या लिफ्टला एआरडी आहे, लाईट गेली की बॅटरीवर जवळच्या मजल्याला नेऊन सोडायला पाहिजे, पण त्या बॅटऱ्या मेल्यात हे मी दोनदा लेखी दिलं होतं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते दोन्ही वेळा पुढे ढकललं गेलं होतं. राग आला, पण तो बाजूला ठेवून त्रिमूर्ती चौकातून उंटवाडीवरून जमेल तशी गाडी काढली, पाऊण तास लागला.

तिसऱ्या मजल्यावर सगळी बिल्डिंग जमलेली, मोबाईलचे टॉर्च, प्रत्येक जण वेगळं सांगतोय. त्रिकोणी चावीने लँडिंगचं दार उघडलं तर केबिनचा फ्लोअर माझ्या छातीला, म्हणजे लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधे, आणि फ्लोअरच्या खाली उघडा डक्ट. जुनी लिफ्ट, केबिनला जाळीचा दरवाजा, त्या जाळीला धरून सात-आठ वर्षांचा पोरगा बसलेला, रडून रडून आवाज गेलेला. आतला इमर्जन्सी दिवा पण बंद. एक गृहस्थ म्हणाले, "अहो जाळी उघडा आणि ओढून काढा की पोराला, एवढंच तर अंतर आहे." मी त्यांना हात जोडून मागे सरकवलं. अशा वेळी उडी मारणारा माणूस पाय सरकून केबिनच्या खालच्या त्या फटीतून डक्टमध्ये जातो, आमच्या लाईनमधले सगळ्यात वाईट अपघात असेच झालेत.

पोराला म्हटलं, "बाळा, हे बघ, तुला बॅटरी देतो, आजीजवळ मागे कोपऱ्यात बसायचं आणि जाळीतून बोट पण बाहेर काढायचं नाही, लिफ्ट हळूहळू वर जाणार आहे." द्यायचा कुठला तर ९० वाला, कारण त्याचा मंद उजेड डोळ्यांवर येत नाही आणि रात्रभर चालला तरी सेल संपत नाही. जाळीतून सरकवला. पोराने तो दोन्ही हातांत धरला आणि आजींच्या चेहऱ्यावर पाडला, आजी डोळे मिटून काहीतरी म्हणत होत्या, त्या थांबल्या. "आलात का हो दादा?" एवढंच बोलल्या. दार परत लॉक करून, वॉचमनला तिथे उभा करून आम्ही गच्चीकडे पळालो.

मशीन रूममध्ये पहिलं काम मेन स्विच पाडणं, लाईट नसली तरी, कारण हातात व्हील असताना मधेच लाईट आली तर मोटर हात घेऊन जाईल. मग हेल्पर ब्रेकच्या लिव्हरवर, मी हँडव्हीलवर. सहा पॅसेंजरची लिफ्ट, ४०८ किलोची, काउंटरवेट म्हणजे केबिनचं वजन अधिक जवळपास निम्मा लोड, आत दोघंच हलके, त्यामुळे वर जायला व्हील हलकं फिरणार हे माहीत होतं. कुठे थांबायचं ते दोरावरच्या मार्कांवरून कळतं, दोरावर मजल्याच्या लेव्हलला रंगाचे पट्टे मारलेले असतात आणि ते मशीनच्या बेडवरच्या खुणेसमोर आले की केबिन मजल्याला लागली.

५०० वाला मशीनच्या फ्रेमला चिकटवला, दोरावर मारला. पट्टे दिसेचनात. दोर सगळा काळपट तपकिरी, वर्षानुवर्षांचं ग्रीस, आणि आधीच्या मेकॅनिकने मार्क लाल ऑइल पेंटने मारलेले हे मला आठवत होतं, पण त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात लाल नावाला नाही, ग्रीसचे डाग आणि पट्टे एकाच रंगाचे. कापडाने पुसलं, जवळ नेऊन बघितलं, उजेड इतका चकाकत होता की दोराच्या तारा न् तारा दिसत होत्या पण रंग नाही. तेवढ्यात टॉर्च तापला आणि उजेड बदकन उतरला.

याचं कारण मी नंतर वाचून काढलं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर लावला की दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. हा निळा एलईडी बनवायला लोकांची हयात गेली, त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. पण साध्या फॉस्फरच्या उजेडात लाल फारच थोडा असतो, आणि उजेडातच लाल नसेल तर लाल रंग परत फेकणार काय, तो तपकिरी-काळा दिसतो. सीआरआय चांगला म्हणजे त्या उजेडात लालपण भरून आणलेलं असतं.

त्या वेळी यातलं काही माहीत नव्हतं. एवढं मात्र आठवलं की पिवळसर उजेडात घरातला लाल टॉवेल लाल दिसला होता. अंदाजाने लिफ्ट थांबवायची मला हिंमत नव्हती, अर्धा फूट चुकलं तरी दार उघडल्यावर म्हाताऱ्या माणसाचा पाय कुठे पडेल सांगता येत नाही. हेल्परला म्हटलं लिव्हर सोड, ब्रेक बसलेलाच राहू दे, परत हात लावू नकोस, आणि मी जिन्याने परत तिसऱ्या मजल्यावर.

पोरगा टॉर्च द्यायला तयार नाही. साहजिक आहे, पाऊण-एक तास गच्च अंधारात काढल्यावर हातात आलेला उजेड कोण सोडेल. "काका, तुम्ही परत येणार नाही." मी म्हटलं, "हा बघ दुसरा, जास्त मोठा उजेड आहे, बदल्यात घे." तो चालू केला तर त्याच्या डोळ्यांवर असा आला की त्याने तोंड फिरवलं, त्याचा सगळ्यात कमी मोडसुद्धा जवळून टोचतो. तेव्हा आजींनी तो ५०० वाला त्याच्या हातातून घेतला, पदराच्या टोकाला दोन पदर करून त्यात गुंडाळला आणि मुठीत धरला. केबिनभर मऊ उजेड पसरला, फिक्या निळ्या साडीचा. पोराने मग गप ९० वाला जाळीतून बाहेर सरकवला, गरम झाला होता त्याच्या हाताने.

वर येऊन तो टोपीच्या झापेला क्लिप केला आणि दोराकडे मान केली. पट्टे होते. जुने, उडालेले, मधे मधे तुटलेले, पण लाल. हेल्पर म्हणाला, "दादा, हे आत्ताच कुणी मारले का काय?" तो ब्रेक उघडतोय, मी व्हील फिरवतोय, थोडं फिरवायचं, ब्रेक बसवायचा, परत उघडायचा, खाली वॉचमन ओरडून सांगतोय केबिन वर सरकली म्हणून. फेरे मोजले नाहीत, चाळीसच्या वर असतील. चौथ्याचा पट्टा खुणेच्या समोर आला, ब्रेक पक्का बसल्याचं व्हीलला जोर लावून बघितलं, मग खाली उतरलो. चौथ्याचं दार उघडलं तर केबिनचा फ्लोअर आणि लॉबीची फरशी यात बोटभर पण फरक नव्हता.

आजी बाहेर आल्या, पहिल्यांदा खाली बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग पदराची गाठ सोडून माझा टॉर्च परत दिला. सोसायटीच्या चेअरमन साहेबांनी त्या रात्री माझ्यासमोरच एआरडीच्या बॅटऱ्यांची ऑर्डर द्यायला सांगितली.

५०० वाला आता गाडीच्या डिकीत असतो, टायर पंक्चर झाल्यावर कामाचा आहे, मॅग्नेटमुळे चेसिसला चिकटतो. जुडग्यात ९० वाला एकटा. कोणी विचारलं तर मी आता लुमेन शेवटी बघायला सांगतो. आधी चालू केल्यावर मंद मोड पहिला येतो का ते बघा, सेल बाजारात कुठेही मिळतो का, भिजला तर चालतो का, म्हणजे आयपीएक्स ८ वगैरे आहे का, आणि दुकानात असाल तर एक लाल आणि एक तपकिरी वायरचा तुकडा खिशात घेऊन जा, एम. जी. रोडला कुठल्याही दुकानात अंधाऱ्या कोपऱ्यात दोन मिनिटं बघू देतात.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं परत त्या मशीन रूममध्ये गेलो. दोर कोरड्या फडक्याने पुसून सगळ्या मजल्यांचे मार्क पांढऱ्या ऑइल पेंटने नव्याने मारले, भिंतीवर चार्ट लावला, आणि दार बंद करून एकदा ५०० वाल्याने, एकदा ९० वाल्याने आणि एकदा हेल्परच्या मोबाईलने बघितलं, तिन्हींत पट्टे दिसले तेव्हा खाली उतरलो.