वहिनींचा प्रश्न आणि कलम ३२ अ

परवा आमच्या शेजारच्या वहिनी मुलाखतीहून आल्या, मुलाखत म्हणजे जेलमधली, नातेवाईक भेटतात ती, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच मला विचारलं, "ताई, ह्यांना माफी किती पडली असंल ओ आत्तापर्यंत? रांगेत एक बाई सांगत होती, तिच्या मालकाला दर महिन्याला माफी पडती, दीड वर्ष आधीच सुटंल म्हणं." मला उत्तर माहीत होतं पण ते तोंडातून निघेना. वहिनींच्या मालकांना सहा वर्षांत एक दिवसाचीही माफी पडलेली नाही आणि पुढेही पडणार नाही, कारण ते एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली, आत आहेत.

ट्रक ड्रायव्हर माणूस. नारळाच्या पोत्यांखाली गांजा सापडला, चाळीस किलोच्या वर. आपल्याला काहीच माहीत नव्हतं असं ते म्हणत नाहीत, मला स्वतः सांगितलंय त्यांनी की कायतरी गडबड आहे हे कळलं होतं, पण भाड्यावर पंधरा हजार जास्त मिळणार होते आणि पोरीची फी भरायची होती. म्हणजे चूक केली, कबूल. कुणाला मारलं नाही, धमकावलं नाही, हातात साधी काठी नव्हती. माल कुणाचा होता, कुणाला जायचा होता, ते नाव खटल्यात शेवटपर्यंत आलंच नाही. शिक्षा दहा वर्षं आणि एक लाख दंड, दंड नाही भरला तर आणखी एक वर्ष.

दहाच का, तर कायद्यात त्याच्या खाली जायची सोयच नाही. एनडीपीएस कायदा १९८५ चा, आणि २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत "अल्प", वीस किलोच्या वर "व्यापारी". हेरॉइनचं तेच ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. व्यापारी म्हटलं की कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की पावडरीत जी भेसळ असेल तिचंही वजन धरायचं, म्हणजे नशा किती ते नाही, पुडी किती जड ते बघायचं. आणि ह्या सगळ्यात माणसाने नेमकं काय केलं ह्याला जागा कुठेय? एकवीस किलोची बॅग स्टेशनवरून उचलणारी बाई आणि तो धंदा चालवणारा माणूस, दोघांनाही किमान दहाच. फरक एवढाच की बाई सापडते.

आता माफीचं बघा. साध्या कैद्याला आत नीट वागलं, नेमून दिलेलं काम केलं की महिन्याला काही दिवस माफी लागते, ती साठत जाते आणि शिक्षा तेवढी कमी होते. कैदी ते दिवस बोटांवर मोजतात, पत्रात लिहून कळवतात. पण १९८९ मध्ये एनडीपीएस कायद्यात कलम ३२ अ घातलं गेलं, त्यात सरळ लिहिलंय की ह्या कायद्याखालची शिक्षा तहकूब करायची नाही, माफ करायची नाही, कमी करायची नाही. अपवाद फक्त कलम २७ चा, म्हणजे स्वतः नशा करणाऱ्याचा. २००० साली दादू विरुद्ध महाराष्ट्र सरकार ह्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातला एक तुकडा रद्द केला, अपील चालू असताना शिक्षा स्थगित करायचा कोर्टाचा अधिकार काढून घेता येणार नाही असं म्हणून. माफीवरची बंदी मात्र तशीच राहिली.

म्हणजे वहिनींचे मालक जेलच्या सुतारकामात सहा वर्षं रोज जातायत, एकही तक्रार नाही, आत राहून दहावी पास झाले, आणि शेजारच्या बॅरेकमधला माणूस, ज्याने एकाला सुऱ्याने भोसकलं, तो तेवढंच काम करून लवकर बाहेर पडतोय. त्याला मिळू नये असं मी म्हणतच नाहीये हां, मिळावीच त्याला. पण सुधारणेचं बक्षीस वेळ असेल तर ते ह्यांना का नाही?

आणि एकदा कायद्यात असं लिहिलं की मग सगळीकडेच तेच होत जातं. २०१८ मध्ये गांधीजींच्या १५० व्या जयंतीनिमित्त केंद्राने विशेष माफी जाहीर केली, साठीच्या पुढचे पुरुष, पंचावन्नच्या पुढच्या बायका, निम्मी शिक्षा भोगलेले, आणि वगळलेल्यांच्या यादीत एनडीपीएस. २०२० मध्ये करोनात मुंबईच्या आर्थर रोड जेलला शंभराहून जास्त कैदी पॉझिटिव्ह आले, क्षमता ८०४ ची आणि माणसं त्याच्या कितीतरी पट, राज्यातले साधारण १७ हजार कैदी तात्पुरते सोडायचं ठरलं, आणि पुन्हा विशेष कायद्यांवाले वगळले, त्यात एनडीपीएस. मला ते दिवस आठवतात, वहिनी रोज फोन हातात घेऊन बसायच्या.

शिक्षा लागलेल्यांचं हे, आणि कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालूच आहे ते, ती तर वेगळीच गोष्ट. कलम ३७ मुळे व्यापारी वजनाच्या केसमध्ये जामीन हवा तर आरोपी निर्दोष असावा असं जज्जना खटल्याआधीच वाटायला पाहिजे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका गांजाच्या केसमध्ये सात वर्षांहून जास्त आत असलेल्या माणसाला जामीन दिला आणि म्हटलं की खटलाच इतका रखडला तर ३७ आड येत नाही. चांगलं झालं, पण सात वर्षं गेलीच ना.

नशा करणाऱ्यांबद्दल कायदा खरंतर एवढा कठोर नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कलम ६४ अ आहे, उपचार घ्यायला स्वतः पुढे आलात तर खटल्यातून सूट. कलम ३९ आहे, जेलऐवजी उपचाराला पाठवता येतं. मी स्वतः मात्र हे वापरलेली एकही केस अजून पाहिलेली नाही. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ ला डॉ. अनिल आणि सुनंदा अवचटांनी मेंटल हॉस्पिटलच्या आवारात सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत केली. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, साथ होती तेव्हा, लोक त्या पोरांना जवळ उभं करत नव्हते. येरवडा जेल तिथून काही फार लांब नाही. एकाच नशेसाठी पोरगं कुठल्या गेटातून आत जाणार हे पोलिसाच्या हाती आधी सापडलं की आईच्या, ह्यावर ठरावं हे मला अजिबात पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ३२ अ काढा, निदान ज्यांच्याकडे हत्यार नव्हतं, जे टोळी चालवत नव्हते, ज्यांचा पहिलाच गुन्हा आहे त्यांच्यासाठी तरी. आणि कायदा बदलायला वर्षं लागणार असतील तर जे आत आहेत त्यांच्यासाठी एक दार आजही आहे, राष्ट्रपतींचा कलम ७२ खालचा आणि राज्यपालांचा कलम १६१ खालचा शिक्षा माफ किंवा कमी करायचा अधिकार. तो घटनेतला आहे, साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. अमेरिकेसारख्या देशात, जिथे ड्रग्जविरुद्ध युद्धच पुकारलं होतं, ओबामांनी १,७१५ लोकांच्या शिक्षा कमी केल्या, त्यात बहुतेक ड्रग्जच्याच केसेस होत्या, आणि बायडेननी जानेवारी २०२५ मध्ये एका दिवसात जवळपास अडीच हजार. एकेक फाईल वाचायला माणसं बसवली तर होतं.

तर गेल्या रविवारी आम्ही अर्ज लिहायला बसलो. निकालाची प्रत, जेलमधल्या कामाचा दाखला, दहावीचं मार्कलिस्ट, पोरीचं पत्र. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी चूक केली हे पण लिहा ताई, लपवू नका काय." ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. दंडाचे एक लाख मात्र अर्जाने सुटणार नाहीत कदाचित, म्हणून त्यांनी बचत गटातल्या बायकांबरोबर भिशी लावलीय, त्यांचा नंबर दिवाळीनंतर आहे.