एका वाक्यात फुटलेले नाव

१४ जुलै २००३ रोजी अमेरिकेतील अनेक वृत्तपत्रांत रॉबर्ट नोवाक यांचा राजकीय स्तंभ छापून आला. विषय होता माजी राजदूत जोसेफ विल्सन यांचा पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशाचा दौरा. त्यातल्या एका वाक्यात, ओघाने आले म्हणून सांगावे तसे, लिहिले होते की विल्सन यांनी स्वतः सीआयएत कधी काम केले नसले तरी त्यांची पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयएची माणूस आहे आणि सामूहिक संहाराच्या शस्त्रास्त्रांचा विषय हाताळते. ते नाव वगळले असते तरी विल्सन यांच्या म्हणण्याचे खरेखोटे ठरवताना वाचकाचे काहीही अडले नसते. मात्र त्या एका वाक्याने सुमारे दोन दशकांची कारकीर्द संपवली.

या स्तंभामागची हकिकत थोडक्यात अशी. इराक नायजरकडून युरेनियम मिळवू पाहत होता काय, याचा शोध घेण्यासाठी सीआयएने फेब्रुवारी २००२ मध्ये विल्सन यांना तिकडे पाठवले. त्यांना त्यात तथ्य आढळले नाही. तरीही जानेवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी काँग्रेसपुढील वार्षिक भाषणात ब्रिटिश सरकारचा हवाला देऊन आफ्रिकेतील युरेनियमचा उल्लेख केला, मार्चमध्ये इराकविरुद्ध युद्ध सुरू झाले, आणि ६ जुलैला विल्सन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून युद्धाच्या समर्थनासाठी माहिती मोडून-तोडून वापरल्याचा आरोप केला. आठच दिवसांत त्यांच्या पत्नीचे नाव छापून आले. विल्सन यांचे म्हणणे जाहीरपणे खोडून काढायला कोणाचीच हरकत नव्हती. त्यांच्या पत्नीची नोकरी त्या वादात ओढली गेली ती, माझ्या मते, हा दौरा बायकोच्या वशिल्याने मिळाला असे लोकांच्या मनावर ठसवण्यासाठी.

नाव फुटल्यावर पुढे काय घडते, हे या प्रकरणात फार जवळून पाहता येते. अमेरिकेत निवडणुकीच्या प्रचाराला देणगी देताना आपण कोठे नोकरी करतो हे नोंदवावे लागते आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. प्लेम यांनी १९९९ मध्ये अल गोर यांच्या प्रचाराला एक हजार डॉलरची देणगी दिली होती आणि नोकरीच्या रकान्यात ‘ब्रूस्टर जेनिंग्ज अँड असोसिएट्स’ असे लिहिले होते. ही कंपनी सीआयएने कागदोपत्री उभी केलेली होती. जोवर प्लेम हे नाव हजारो देणगीदारांतील एक होते, तोवर त्या रकान्याकडे लक्ष देण्याचे कोणाला कारण नव्हते. नाव छापून आल्यावर तीन महिन्यांच्या आत कंपनीचे नावही वृत्तपत्रांत आले, आणि मग तीच कंपनी आपली नोकरी म्हणून सांगणारा जगातला प्रत्येक जण आपोआप संशयाच्या घेऱ्यात आला. एक धागा ओढला की सगळी वीण उसवते, ती अशी.

परदेशात काम करणाऱ्या अशा अधिकाऱ्यांत एक मोठा फरक असतो. बहुतेक जण दूतावासातील कर्मचारी म्हणून वावरतात. पकडले गेले तर राजनैतिक संरक्षणाच्या बळावर मायदेशी परत पाठवले जातात. काही जण मात्र सरकारशी कसलाही संबंध नसल्याचे दाखवून, व्यापारी किंवा सल्लागार म्हणून राहतात, आणि त्यांच्यामागे असे कोणतेही कवच नसते. तरीही मला सर्वाधिक काळजी वाटते ती या दोघांपेक्षा तिसऱ्याची, म्हणजे त्या अधिकाऱ्याला भेटलेल्या स्थानिक माणसाची. नाव छापून येताच त्या देशाची प्रतिहेरयंत्रणा, म्हणजे परक्या हेरांचा माग काढणारी यंत्रणा, जुनी व्हिसाची नोंद, हॉटेलचे रजिस्टर आणि दूरध्वनीची यादी काढून बसते आणि ही बाई आपल्याकडे केव्हा आली होती, कोणाबरोबर जेवली, कोणाला दोनदा भेटली, हे शोधू लागते. तिच्याबरोबर चहा प्यालेला एखादा अभियंता खरोखरच माहिती देत होता की केवळ शेजारच्या खुर्चीवर बसला होता, याची शहानिशा अशा यंत्रणा फारशी करत नाहीत. त्या अभियंत्याला अमेरिकेतील राजकीय भांडणाशी काही देणेघेणे नसते, आणि त्याचे काय झाले हे कोणत्याही स्तंभात छापून येत नाही.

या धोक्याची जाणीव अमेरिकेला आधीच झाली होती. सीआयएचे माजी अधिकारी फिलिप एजी यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहून सुमारे अडीचशे नावे उघड केली, आणि त्याच विचारांची काही नियतकालिकेही नावे छापू लागली. अथेन्समधील सीआयए केंद्राचे प्रमुख रिचर्ड वेल्च यांचे नाव असे प्रसिद्ध झाले होते. २३ डिसेंबर १९७५ च्या रात्री राजदूतांच्या घरची नाताळची मेजवानी आटोपून ते पत्नीसह परतले, आणि घराच्या दारातच ‘१७ नोव्हेंबर’ या ग्रीसमधील दहशतवादी संघटनेच्या मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. ते घर केंद्रप्रमुखाचे म्हणून शहरात आधीपासूनच ठाऊक होते, त्यामुळे सगळा दोष छापील नावावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु वेल्च यांच्या मृत्यूचा परिणाम खोल झाला, आणि २३ जून १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सीआयएच्या मुख्यालयात जाऊन गुप्त अधिकाऱ्यांची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली.

हा कायदा मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे. अधिकारी गेल्या पाच वर्षांत परदेशात कामगिरीवर असला पाहिजे, सरकार त्याची ओळख लपवण्यासाठी प्रयत्न करत असले पाहिजे, आणि नाव सांगणाऱ्याने हे सारे माहीत असून जाणूनबुजून सांगितलेले असले पाहिजे. पत्रकारांची गळचेपी होऊ नये म्हणून हा अरुंदपणा आवश्यक होता आणि तो मला मान्य आहे. अडचण निराळीच आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एजींसारखा, यंत्रणेशी उघड वैर धरलेला माणूस होता. स्वतः सत्तेत बसलेला, गोपनीय कागद वाचण्याचा अधिकार असलेला आणि पत्रकारांशी रोज बोलणारा माणूस त्यांनी गृहीतच धरला नव्हता.

प्लेम यांचे नाव अशाच माणसांकडून बाहेर पडले. नोवाक यांना ते प्रथम सांगणारे परराष्ट्र खात्याचे उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज होते, आणि त्याला दुजोरा देणारे राष्ट्राध्यक्षांचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचे मुख्य सहायक स्कूटर लिबी यांनीही विल्सन यांच्या पत्नीविषयी पत्रकारांना सांगितले होते. आर्मिटेज यांनी नंतर पश्चात्ताप व्यक्त केला आणि ती गुप्त कामगिरीवरची अधिकारी असल्याचे आपल्याला माहीत नव्हते असे सांगितले. ते मी खरे मानतो. पण परराष्ट्र खात्याच्या ज्या टिपणात तिचा उल्लेख होता, त्या परिच्छेदाला ‘गुप्त’ अशी खूण होती. ती खूण पाहिल्यावर तिच्यापुढे लिहिलेले काहीही बाहेर बोलायचे नाही, एवढे कळण्यासाठी ती बाई नेमके काय करते हे माहीत असण्याची गरज नाही.

विशेष सरकारी वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांच्या चौकशीत नाव फोडल्याबद्दल कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. पंचाच्या डोळ्यांत माती फेकली गेली तर खेळाडूने काय केले हे त्याला कसे दिसणार, अशा आशयाचे उदाहरण त्यांनी दिले होते. लिबी यांना मार्च २००७ मध्ये खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा यांबद्दल दोषी ठरवले गेले आणि जूनमध्ये ३० महिन्यांची कैद सुनावली गेली. बुश यांनी जुलैमध्ये ती कैद माफ केली, आणि २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. याच्याशेजारी दुसरे प्रकरण ठेवून पाहावे. सीआयएचे माजी अधिकारी जॉन किरियाकू यांनी एका गुप्त अधिकाऱ्याचे नाव पत्रकाराला कळवले. त्या पत्रकाराने ते छापलेही नाही. १९८२ च्या याच कायद्याखाली त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांनाही शिक्षा झाली ती ३० महिन्यांचीच. ते मात्र तुरुंगात गेले. किरियाकूंचे वागणे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही प्रकरणांची ही शेवटची पाने एकामागोमाग वाचली की मन अस्वस्थ होते.

याच प्रकरणात न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकार जुडिथ मिलर आपल्या सूत्राचे नाव न सांगता ८५ दिवस तुरुंगात राहिल्या. पत्रकाराने दिलेला शब्द पाळावा, हे तत्त्व मला मोलाचे वाटते, कारण अन्याय उघड करणारा साधा कर्मचारी त्याच शब्दाच्या भरवशावर बोलतो. इथे मात्र त्या शब्दाच्या आडोशाला अन्याय उघड करणारा कोणी उभा नव्हता. उभा होता तो सत्तेच्या अगदी जवळचा अधिकारी, आणि दुसऱ्या बाजूला होती सरकारने ‘तुझे नाव आम्ही जपू’ असा शब्द दिलेली अधिकारी.

हेतू नसतानाही नावे फुटतात, हे विसरता येत नाही. मे २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा अफगाणिस्तानातील बग्राम तळावर गेले असता, त्यांना माहिती देणाऱ्यांच्या यादीत काबूलमधील सीआयए केंद्रप्रमुखाचे नाव हुद्द्यासह पत्रकारांना पाठवले गेले. लक्षात आल्यावर सुधारित यादी पाठवली, पण तोवर नाव गेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नोकरकपातीच्या आदेशाची पूर्तता म्हणून सीआयएने नव्याने घेतलेल्या कर्मचाऱ्यांची पहिली नावे आणि आडनावांची आद्याक्षरे साध्या, असुरक्षित ईमेलने व्हाइट हाउसला पाठवल्याचे उघड झाले. अशा चुकांना फौजदारी कायदा लागू होत नाही, आणि तो लागू करावा असेही मला वाटत नाही.

म्हणूनच माझा भर शिक्षेपेक्षा गोपनीय कागद पाहण्याच्या परवानगीवर आहे. ही परवानगी कोणाचा हक्क नव्हे. अटींवर सही करून ती घ्यावी लागते, आणि निष्काळजीपणाने माहिती बाहेर गेली तरी ती काढून घेता येते. त्यासाठी ज्यूरी लागत नाही, हेतू सिद्ध करावा लागत नाही. असे नाव फुटताच संबंधितांची परवानगी त्याच दिवशी स्थगित व्हावी आणि चौकशी व्हाइट हाउसच्या हाताबाहेर, महानिरीक्षकाकडे, म्हणजे खात्याची स्वतंत्रपणे चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावी, एवढी माझी मागणी आहे.

१६ मार्च २००७ रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे प्लेम यांनी शपथेवर साक्ष दिली. आपण आपल्या यंत्रणेच्या गुप्त अधिकारी होतो आणि वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांनी आपले नाव बेपर्वाईने वापरले, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी, त्याच समितीपुढे व्हाइट हाउसच्या सुरक्षा कार्यालयाचे प्रमुख जेम्स नॉडेल यांचीही साक्ष झाली. हे नाव फुटल्याबद्दल तुमच्या कार्यालयाने अंतर्गत चौकशी केली का, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांच्या माहितीप्रमाणे तशी चौकशी झालेली नव्हती. नाव छापून येऊन तोवर साडेतीन वर्षे उलटून गेली होती, आणि रोव्ह अजून व्हाइट हाउसमध्येच काम करत होते.