ओचानोमिझूच्या उतारावर पेडल घ्यायला जाताय? आधी हे वाचा

आधीच सांगतो, मी अजून चिडलेला आहे. ओचानोमिझू म्हणजे टोकियोतला गिटारच्या दुकानांचा भाग; तिथे मी गिटारचं जुनं पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायचा आवाज बदलणारा डबा, घ्यायला गेलो होतो. टोकियोहून येऊन तीन आठवडे झाले, तरी त्या 4,400 येनच्या अडॅप्टरचा विषय निघाला की डोकं फिरतं. पुढचं सगळं तेवढी वजावट करून वाचा.

आमच्या गिटारवाल्यांत एक समज पक्का आहे. जपानमध्ये बॉस या कंपनीची जुनी पेडलं भाजीच्या भावात मिळतात म्हणे. मला हे चार जणांनी छातीठोक सांगितलं होतं. चौघांतला एकही जपानला गेलेला नाही, हे मी परत आल्यावर विचारलं तेव्हा कळलं. माझी चूक अशी की जायच्या आधी विचारलं नाही.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय, कोरस कशाला म्हणतात, हे इथे समजावत बसणार नाही. हे वाचताय म्हणजे तुमच्याकडे पेडलं मांडायचा बोर्ड आहे, त्यावर चार-पाच पेडलं आहेत आणि सहावं हवंय. दिवसाला पंधरा हजार पावलं चालायची तयारीही धरतो. नसेल तर पुण्यातच बसा.

ओचानोमिझू स्टेशनला शिंजुकूहून चुओ लाइनची केशरी पट्ट्याची रॅपिड गाडी पकडा. मध्ये फक्त योत्सुया लागतं. उतरल्यावर ओचानोमिझुबाशी नावाच्या दाराने बाहेर पडायचं. आम्ही हिजिरिबाशीच्या दाराने पडलो, निकोलाई कथीड्रलचा घुमट बघत फिरत बसलो आणि अर्धा तास घालवला. बरोबर दाराने निघालात की समोर मेइदाई-दोरी हा रस्ता येतो. मेइजी विद्यापीठाच्या अंगावरून तो उतरत जातो, आणि दोन्ही बाजूंना गिटारी, गिटारी, गिटारी. पहिला अर्धा तास माणूस वेडा होतो हे खरं. दुकानाबाहेर फुटपाथवर गिटारी अशा मांडलेल्या असतात जशा आपल्याकडे मंडईबाहेर कलिंगडं. माझा बेसवाला मित्र एका काचेसमोर उभा राहिला तो हलेचना.

वरून खाली या. खालून वर जाऊ नका. रस्ता सुरुगादाइ-शिताच्या चौकात संपतो, तिथून पुढे जिंबोचोची जुन्या पुस्तकांची दुकानं आणि कढीसारख्या दाट करीची हॉटेलं आहेत. खायचं तिथे आणि परतीला जिंबोचोचीच मेट्रो धरायची. आम्ही एका दिवसात तो उतार तीनदा चढलो, पाठीवर सामान घेऊन, कारण "वरच्या दुकानात तेच स्वस्त होतं का रे?" हा प्रश्न दर वीस मिनिटांनी पडायचा. दुकानं साधारण अकराला उघडतात. साडेनऊला जाऊन शटरकडे बघत उभं राहण्यात अर्थ नाही, तेही आम्ही केलं.

आता भाव. या उतारावर स्वस्त काही नाही. दुकानदारांकडेही इंटरनेट आहे आणि जगात कुठलं पेडल कितीला जातं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 1977 साली आलेल्या बॉसच्या पहिल्या तीन कॉम्पॅक्ट पेडलांपैकी ओडी-1 (आवाज फाटका करणारं ओव्हरड्राइव्ह) काचेच्या कपाटात, कुलूप लावून. बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू काळ्याऐवजी चांदीच्या रंगाचा असेल तर किंमत आणखी वर. आत चार भागांचा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) असलेला सुरुवातीचा नग असेल तर त्याहून वर. स्क्रूच्या रंगाने आवाज बदलत नाही. ज्याला पटत नसेल त्याने डोळे मिटून दोन्ही वाजवावीत. मी वाजवली.

मला हवा होता सीई-2 कोरस. 1979 चं डिझाइन, फिकट निळा डबा, दोनच बटणं, रेट (वेग) आणि डेप्थ (खोली). आत मात्सुशिताची एमएन3007 ही चिप. सिग्नल बादलीतून बादलीत ओतल्यासारखा एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकवत ती थोडा उशीर आणते, आणि तो उशीर कमी-जास्त होत राहिला की आवाज पाण्यावर हलल्यासारखा होतो. तिसऱ्या दुकानात सापडला. 24,800 येन. शंभर येनला साधारण 55 ते 60 रुपये धरा, म्हणजे चौदा हजारांच्या घरात.

वाजवून बघायला काही अडचण नाही. "शिसो शिते मो ई देस का?" एवढं पाठ करा, मुलगा लगेच गिटार, केबल, खुर्ची घेऊन येतो. मला रोलंड जेसी-120 या अँपला (अँप्लिफायरला) लावून दिलं. कोरस पेडल तपासणार असाल तर एक बघा: या अँपला स्वतःचा कोरस असतो, त्याचा खटका बंद आहे ना ते स्वतः पाहा. माझ्या वेळी बंद होता. आवाज असा आला की मी तिथेच हरलो. घासाघीस विसरलो, पासपोर्ट हॉटेलात राहिलाय हेही विसरलो.

पासपोर्ट विसरणं म्हणजे रोख नुकसान. पर्यटकाला एका दुकानात एका दिवशी कर सोडून 5,000 येन किंवा त्यावर खरेदी केली तर 10 टक्के उपभोग कर माफ होतो, पण पासपोर्ट हातात असला तरच. 24,800 मध्ये 2,255 येन कराचे होते. गेले. 1 नोव्हेंबर 2026 पासून ही पद्धत बदलते आहे: आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा. तेव्हा जाणाऱ्यांनी विमानतळावर वेगळा वेळ ठेवावा.

पेडलावरच्या चिठ्ठीचा मी मोबाइलने फोटो काढून अर्थ लावला होता. वर ठळक लिहिलं होतं, "दोओसा काकुनिन झुमी", म्हणजे चालतं का ते तपासलेलं आहे. (दोसा वाचून मित्राला भूक लागली.) त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी चार चिन्हं होती, ती फोटोत कापली गेली. "गेन्जो वाताशी". आहे त्या स्थितीत ताब्यात, परत घेणार नाही. हे दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या रात्री हॉटेलात मी बरोबर नेलेला 9 व्होल्टचा छोटा सप्लाय लावला, इनपुटमध्ये एक पॅच केबल (पेडलं एकमेकांना जोडायची आखूड वायर) खुपसली, कारण त्याशिवाय पेडल चालू होत नाही, आणि पाय देऊन बघितलं. लाल दिवा लागला, पण कसा? तेल संपत आलेल्या समईसारखा. खोलीतला दिवा घालवला तेव्हा कुठे नीट दिसला. दुकानात ठणठणीत लाल होता. मी रात्रभर झोपलो नाही. चौदा हजार पाण्यात गेले असं धरून चाललो होतो.

सकाळी पुन्हा तो उतार, अकराला पहिला ग्राहक मी. मुलाने खूप नम्रपणे ती खालची ओळ बोट ठेवून दाखवली. मग डबा उलटा केला, अडॅप्टरच्या भोकाजवळची तीन अक्षरं दाखवली: एसीए. आत गेला आणि एक खोका घेऊन आला. बॉसचा जुना अडॅप्टर, एसीए-100. लावला, दिवा भक्क. किंमत 4,400 येन. मी सुटकेच्या भरात कार्ड पुढे केलं. यंत्राने येन की रुपये असं विचारलं, मी शहाण्यासारखे रुपये दाबले, म्हणजे त्यातही यंत्राच्या दराने वर पैसे गेले. कायम येन दाबा.

भानगड काय आहे ते नीट सांगतो, कारण जुनं बॉस घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हा खड्डा आहे. जुन्या पेडलांसाठीचा एसीए अडॅप्टर नावाला 9 व्होल्टचा, पण त्यात रेग्युलेशन, म्हणजे व्होल्टेज नेमकं राखायची सोय, नाही. प्रत्यक्षात तो 12 व्होल्टच्या आसपास देतो. म्हणून पेडलाच्या आत एक रेझिस्टर आणि डायोड घालून तो जास्तीचा दाब उतरवलेला असतो. आजच्या सप्लायमधून नेमके 9 व्होल्ट दिले की त्यातूनही उतरतं आणि पेडल अर्धपोटी राहतं. बॅटरीची वाट त्या रेझिस्टरवरून जात नाही, त्यामुळे बॅटरीवर सगळं झकास. दुकानात पहिल्या दिवशी मी बॅटरीवरच वाजवलं होतं. म्हणजे पेडल पहिल्यापासून ठणठणीत होतं. मला एक पैसाही खर्च करायची गरज नव्हती. साध्या नव्या पेडलाबरोबर एकाच साखळीच्या वायरवर (एका सप्लायमधून अनेक पेडलांना वीज देणाऱ्या) ते लावलं असतं, दोन्ही पॅच केबलने जोडलेली, तरी दिवा पूर्ण लागला असता, कारण ग्राउंड (विजेची परतीची वाट) शेजारच्या पेडलाकडून मिळून रेझिस्टर वगळला जातो. हे त्या मुलाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. "इंडिया?" असं त्याने हसून विचारलंही होतं.

आणि इंडियात काय झालं? एसीए-100 मधले 100 म्हणजे 100 व्होल्ट. जपानची घरगुती वीज 100 व्होल्टची. पुण्यात येऊन मी त्या चपट्या पिनांवर आपल्या सॉकेटचा कन्व्हर्टर चढवला आणि 230 व्होल्टमध्ये घातला. पिन बदलली म्हणजे व्होल्टेज बदलत नाही, हे मी आठवीत शिकलोय. धूर आला नाही. इस्त्रीखाली नायलॉन आल्यासारखा वास आला, बारीक गुणगुण झाली आणि संपलं. 4,400 येन, साधारण अडीच हजार रुपये, दहा सेकंद. मित्र अजून म्हणतो हर्ट्‌झचा घोळ. हर्ट्‌झचा काही संबंध नाही, टोकियोतही 50 च आहेत. 60 आहेत ते ओसाकाच्या बाजूला.

मग तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी अडॅप्टर हुंगला, बाजूला ठेवला, म्हणाले, "याला आता नारळ फोडा." साधा 12 व्होल्टचा घेतला, वायर कापली, दोन्ही टोकं उलटी जोडली आणि मीटर लावून दाखवलं. उलटी यासाठी की बाजारातल्या साध्या अडॅप्टरला मधला टोक अधिक असतो आणि गिटार पेडलांना मधला उणे लागतो. मजुरीसकट तीनशे रुपये. हा 12 व्होल्टवाला फक्त एसीए लिहिलेल्या पेडलाला, एकट्याला लावायचा. साखळीत नाही, आणि ज्यावर पीएसए (म्हणजे नेमके 9 व्होल्ट लागणारं) लिहिलंय त्याला तर अजिबात नाही. बोर्डाच्या मोठ्या सप्लायला 12 व्होल्टचं वेगळं आउटपुट असेल तर हेही करायची गरज नाही.

मधले तीन दिवस क्योटोला होतो. देवळं छान आहेत.

शेवटच्या दिवशी, विमानाला सहा तास असताना, चुओ लाइननेच उलट्या दिशेला, पश्चिमेकडच्या उपनगरात एका हार्ड ऑफमध्ये गेलो. ही जुन्या सामानाच्या दुकानांची साखळी आहे. अख्ख्या सहलीतले हे दोन तास मोलाचे. कपाटात सीई-2, काळा स्क्रू, माझ्यासारखाच, 16,500 येन. मी तिथे मोठ्याने मराठीत काहीतरी बोललो, ते इथे लिहीत नाही. मागच्या बाजूला जंकच्या निळ्या पेट्या असतात: तुटक्या केबल, रिमोट, कीबोर्ड, आणि त्यात अधूनमधून पेडलं. जंक म्हणजे तपासलेलं नाही, हमी नाही, परत नाही, पण तसं ते आधीच सरळ लिहितात. तळाशी बॉसचंच एक डीएस-1 पेडल मिळालं, नारिंगी रंग अर्धा उडालेला, टोनचं बटण गायब. 2,200 येन. घरी येऊन पॉटमध्ये (बटणाखालच्या फिरत्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वीस वेळा फिरवला, खरखर गेली. बटण दुसऱ्या डब्याचं लावलंय.

तर माझं म्हणणं असं. उतारावर जा, वाजवा, चार ओव्हरड्राइव्ह शेजारी ठेवून ऐका, अशी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. विकत घ्या उपनगरात. जुन्या सीई-2 साठी जीव टाकू नका; 2016 पासून बॉसच सीई-2डब्ल्यू विकतं, त्यात जुना आवाज आहे, वर त्याआधीच्या सीई-1 चाही आहे, आणि 9 व्होल्टवर गुपचूप चालतं. मी दोन्ही एकामागून एक वाजवली. बँडमध्ये, ड्रम चालू असताना, फरक कळेल असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी पैज लावायला तयार आहे. जुनंच घ्यायचं असेल तर बरोबर 9 व्होल्टचा सप्लाय, एक बॅटरी, दोन पॅच केबल आणि पासपोर्ट. चिठ्ठीचा फोटो पूर्ण काढा, खालच्या ओळीसकट.

परतीच्या सुरक्षा तपासणीला पेडलं हातातल्या बॅगेत असतील तर आधीच ट्रेमध्ये काढून ठेवा. एक्स-रेमध्ये वायरी आणि बटणांचा तो डबा कुणालाच आवडत नाही. मला तीनही उघडून दाखवायला लावली, त्यातलं एक तो अडॅप्टर होता. तिथेच ठेवून घेतला असता तर बरं झालं असतं.