गुन्ह्यात नाव आलंय? आधी कागद, मग बोलणं

बांधावरची मारामारी असो की मिरवणुकीत तालमीच्या पोरांची झालेली झटापट, गुन्हा दाखल झाला की कोल्हापुरात एक सल्ला हमखास मिळतो: "साहेब ओळखीचे आहेत, जाऊन समजावून सांगू." बऱ्याच केसचं नुकसान इथंच होतं. "मी तिथं होतो, पण मारलं नाही" एवढं बोललं तरी कुठलं फुटेज काढायचं आणि कुणाला साक्षीदार करायचं, हे तपासी अंमलदाराला कळतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे खरं, पण ताब्यात असताना तुम्ही सांगितलं आणि त्यावरून काठी किंवा कोयता सापडला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. नव्या साक्ष अधिनियमाचं कलम 23 मुळातून वाचा.

आधी एफआयआर हातात घ्या. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं सोडली तर ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. पुरवणी जबाब नंतर बदलतात, पण पहिली फिर्याद जशीच्या तशी राहते. म्हणून घटनेची वेळ, फिर्याद द्यायला लागलेला उशीर आणि तुमचं नाव नेमकं कुठल्या वाक्यात आलंय, हे पेन घेऊन तपासा.

कलमंही बघा, पण ती अंतिम धरू नका. मारामारीत सगळं जखमेच्या दाखल्यावर ठरतं. साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), अदखलपात्र आणि जामीनपात्र. हत्यार वापरलं की 118(1) लागतं, आणि ते अजामीनपात्र आहे. सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) दाखल्यात हाड मोडल्याचं किंवा दात पडल्याचं आलं की दुखापत 'गंभीर' होते. तीच हत्यारानं केलेली असेल तर 118(2) लागून शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे "किरकोळ आहे, जामीन होईल" म्हणून निवांत बसलेला माणूस आठवड्यानं वाढीव कलमात अडकतो. अटकपूर्व जामिनाचा अर्ज (बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 482) दाखल्याची वाट न बघता तयार ठेवा. तो आधी कसबा बावड्यातल्या सत्र न्यायालयात करायचा. तिथं फेटाळला तर आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 हे गुन्हा रद्द करण्याचं कलम होतं, ते आता 528 झालंय. नेटवरचे जुने नमुने उतरवून घेणारे इथं हमखास फसतात.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटकेची गरज नसेल तर बीएनएसएस कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस देतात. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नये, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय. तरीही व्हॉट्सॲपवर आली तर गप्प बसू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. रीतसर नोटीस मिळाल्यावर गेला नाहीत, तर अटकेला कारण तुम्हीच दिलं असं होतं. जाताना लेखी हजेरी घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नाव-पत्ता खरा सांगा. घटनेबद्दल स्वतःला अडकवणारं उत्तर द्यायला राज्यघटनेचं अनुच्छेद 20(3) भाग पाडू देत नाही.

सहीचं नीट समजून घ्या. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते (बीएनएसएस कलम 181). कोऱ्या कागदावर तर कधीच करू नका. अटकेच्या पंचनाम्यावर मात्र सही लागते. ती करताना शेजारी स्वतःच्या हातानं तारीख आणि वेळ लिहा, कारण न्यायाधीशांपुढे हजर करायचे 24 तास तिथून मोजले जातात. वेळ दुपारची आणि नोंद रात्रीची, असा प्रकार घडतो. म्हणून ताब्यात घेतलं त्या मिनिटाला घरच्यांनी वकिलाला मेसेज करावा. तो वेळेचा पुरावा राहतो. अटकेची कारणं समजणाऱ्या भाषेत मागा. वैद्यकीय तपासणीत मार असेल तर डॉक्टरांना सांगा आणि रिमांडला (कोठडी मागायला कोर्टात हजर करतात तेव्हा) न्यायाधीशांनाही सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं (हेल्पलाइन 15100). कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

दरम्यान तुमच्या बाजूचा पुरावा निसटत असतो. दुकानाच्या डीव्हीआरमधलं (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) फुटेज बऱ्याचदा पंधरवड्या-महिन्यात पुसलं जातं. मालकाला आणि ठाण्याला, दोघांना लेखी अर्ज द्या. मोबाईलवर स्क्रीनचं शूटिंग करून भागत नाही. मूळ फाइल आणि साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. स्वतःच्या फोनमधलं काही डिलीट मात्र करू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि फिर्यादीला "मिटवून घेऊ" असा फोन नको. तो 'साक्षीदारावर दबाव' म्हणून जामिनाच्या विरोधात वापरला जातो.

जामीन झाला तरी जामीनदाराअभावी माणूस कळंब्याच्या जेलमध्ये अडकून पडतो. आदेश व्हायच्या आधीच जामीनदाराचा सातबारा किंवा घरफाळ्याची पावती, आधार आणि फोटो तयार ठेवा.

जामीन नाहीच झाला, तर पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजत राहा. 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही (दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यात 90), तर जामीन हक्कानं मिळतो, पण मागितला तरच. 61 व्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज द्या. दुपारी दोषारोपपत्र आलं आणि तुमचा अर्ज त्यानंतर गेला, तर तो हक्क गेला.