एचिंग अपडेट: गंजाचा चोर सापडला, आम्ल निम्म्यावर आणलं

मंडळी, एचिंग म्हणजे नको असलेलं तांबं रसायनाने उतरवून घरी सर्किट बोर्ड बनवणं; त्या बोर्डाचं शेवटी सांगतो. आधी गंज, हत्यारं आणि रसायनं ठेवतो त्या कपाटातला.

मागच्या वेळी नाकाड्या पकडीवरचे तांबूस डाग दाखवले, तेव्हा बहुतेकांनी पावसाळ्याकडे बोट दाखवलं होतं. पाऊस संपला, गंज थांबला नाही. वायर कटर सांध्यात अडकायला लागला, एचएसएसचे (हाय-स्पीड स्टीलचे) ड्रिल बिट लालसर झाले. कार्बाइडचे मात्र जसेच्या तसे. शिवाय गंज खालच्या कप्प्यात जास्त, वर कमी. दमटपणा असा कप्पे बघून वागत नाही. हायड्रोजन क्लोराइडची वाफ हवेपेक्षा जड असते, आणि रसायनांच्या बाटल्या खालीच होत्या.

संशयित तीन: हायड्रोक्लोरिक आम्ल, फेरिक क्लोराइड आणि कॉपर क्लोराइडचं वापरलेलं हिरवं द्रावण. माझा सगळा राग हिरव्यावर, कारण त्याच्या झाकणाला बारीक भोक आहे. ते भोक बुजवता येत नाही. आम्लासोबत घातलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमधलं जे उरतं, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, आणि घट्ट बंद केलेली बाटली आधी फुगते, मग फुटते. म्हणजे एका बाटलीला श्वास हवा आणि दुसरीचा कोंडायला हवा, असा हा पेच.

मग अमोनियाची चाचणी केली. कापसाची काडी अमोनियाच्या पाण्यात बुडवायची आणि गच्चीवर, मोकळ्या हवेत, एकेका झाकणाजवळ धरायची. आम्लाची वाफ असली की अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर दिसतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर जो पांढुरका थर असायचा, तो हाच. फेरिक क्लोराइडजवळ काही नाही. हिरव्याजवळ अगदी पुसट. आणि घट्ट फिरवलेल्या, वरून टेप गुंडाळलेल्या आम्लाच्या बाटलीच्या आट्यांमधून मात्र उदबत्तीसारखी सरळ रेघ!

आम्लासाठी नवीन जाड प्लास्टिकची बाटली आणली, आत शंकूसारखं गच्च बसणारं बूच असलेलं झाकण. सकाळी चाचणी केली, धूर नाही. दुपारी खोली तापल्यावर पुन्हा धूर. बाटलीभोवती पिशवी घातली, तर पिशवीच्या तोंडाशी धूर. इथे माझं डोकं फिरलं.

सुटका झाली ती आकडेमोडीतून. हायड्रोक्लोरिक आम्लाचा स्थिर उत्कलन बिंदू (जिथे आम्ल आणि पाणी द्रावणातल्याच प्रमाणात उडतात) साधारण २० टक्क्यांना असतो. त्याच्या बराच वर असलात की बाटलीतून मुख्यतः हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. खाली आलात की मुख्यतः पाण्याची वाफ. आता एचिंगच्या द्रावणाची आपली नेहमीची कृती आठवा: ३ टक्के पेरॉक्साइडचे दोन भाग, ३२ टक्के आम्लाचा एक. म्हणजे आम्ल शेवटी आपण पातळ करतोच, फक्त ते पाणी पेरॉक्साइडच्या बाटलीतून येतं. तेच पाणी आधीच आम्लात घालून ठेवलं तर? समान आकारमानाचं पाणी घातलं की आम्ल १७ टक्क्यांच्या आसपास येतं. त्याचे दोन भाग आणि ६ टक्के पेरॉक्साइडचा एक भाग (मेडिकलमध्ये २० व्हॉल्यूम म्हणून मिळतो तो) घेतला की हिशेब तोच. तीव्र आम्ल घरात साठवायचं कारणच उरत नाही.

पातळ करताना पाण्यात आम्ल, थोडं थोडं; भांडं गार पाण्यात उभं; गॉगल आणि हातमोजे हे सांगायला नकोच. नंतर भर दुपारी काडी धरली. काहीही नाही. आजवर कुठल्या बोर्डावर इतका खूश झालो नव्हतो.

विक्रेत्याबद्दल दोन शब्द. बाटलीवर पेनने नुसतं ‘एचसीएल’, तीव्रतेचा पत्ता नाही. अशा वेळी १०० मिलि वजन करून बघा. ११६ ग्रॅम भरलं तर शंभराच्या वरचे १६ दुप्पट करा: ३२ टक्के. ढोबळ आहे, पण आपल्याला पुरतं. ओळखपत्र मागून वहीत नोंद केली म्हणून कुरकुरू नका. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तसंच व्हायला हवं. ओळखपत्र न मागता थंड पेयाच्या बाटलीत आम्ल ओतून देणाऱ्याकडे मात्र पुन्हा जाऊ नये.

हिरवं द्रावण आता कपाटाबाहेर, गॅलरीत, सावलीत. मोठ्या डब्यात ती बाटली आणि शेजारी वाटीत खायचा सोडा. पुसट वाफ तो खाईल. पेरॉक्साइड दुसऱ्या टोकाला. अमोनियाची बाटली तर या कपाटात नकोच.

आता बोर्ड. नव्या मिश्रणात ०.२५ मिमीचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) सलग उतरले, कडा स्वच्छ. टोनर ट्रान्सफर (लेझर प्रिंटमधला आराखडा इस्त्रीने तांब्यावर उतरवतो तो) एका कोपऱ्यात उचलला गेला, पण तो इस्त्रीचा दोष.

पुढच्या वेळी एअर पंपाने हवा सोडून हिरव्याला पुन्हा वापरण्याजोगं ताजं करण्याबद्दल लिहिणार होतो. पण हे लिहितानाच वाटायला लागलंय की बुडबुडे तीच वाफ पुन्हा खोलीत आणतील. छोट्या बोर्डांसाठी हायड्रोक्लोरिक आम्लच का हवं? १०० मिलि ३ टक्के पेरॉक्साइड, ३० ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि चमचाभर मीठ यांनीही तांबं उतरतं, आणि सायट्रिक आम्ल कोरडं, बिनवासाचं, बरणीत राहतं. तेव्हा पंप बाजूला. आधी कॉपर क्लॅडच्या (तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डाच्या) तुकड्यावर हे करून बघतो. ०.२५ मिमीला अंडरकट (ट्रॅकच्या कडांखालून कुरतडलं जाणारं तांबं) किती येतो हे कुणी मोजलं असेल तर आकडे द्या. इथे सूक्ष्मदर्शक नाही, भिंग आहे.