दोन पिनांचा ड्राइव्ह

सीटी स्कॅन सेंटरला अजून सीडी लागते असं सांगितलं की माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात येणारी कॉलेजची पोरं हसतात. त्यांच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. पण परभणीतून पेशंट मुंबईला निघाला की तिथले डॉक्टर आधी सीडी मागतात. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात, सीडीत सगळे काप, म्हणजे शरीराच्या एकेका छेदाची चित्रं असतात. एक काप म्हणजे ५१२ बाय ५१२ ठिपके, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. छाती-पोटाच्या तपासणीत सहाशे काप निघाले तरी तीनशे एमबी होतात आणि ७०० एमबीच्या सीडीत ते आरामात मावतात. लोक फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतात, पण तसल्या फोटोवर कुणी ऑपरेशन ठरवत नाही.

तर अशाच एका सेंटरमधून मे महिन्यात ऐन दुपारी फोन आला. सीडी निघत नव्हती. जिंतूरकडचे एक काका बायकोचा स्कॅन करून बसले होते, संध्याकाळच्या देवगिरीचं रिझर्व्हेशन होतं आणि दुसऱ्या दिवशी टाटा हॉस्पिटलात दाखवायचं होतं.

रिपोर्टिंगच्या खोलीतला संगणक पेंटियम फोर, त्यावर विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला, पण अशा यंत्रांना ते कुणी सांगितलेलं नसतं. चित्रं बघायचं सॉफ्टवेअर त्याच मशीनला बांधलेलं, त्यामुळे मशीन बदलायचं तर सगळंच बदलावं लागतं आणि तो खर्च लाखांत जातो. इंटरनेट जोडलेलं नव्हतं, ते मात्र शहाणपणाचं.

आतला सीडी रायटर मेलेला. ट्रे उघडायचा, दिवा लुकलुकायचा, डिस्क वाचायची नाही, लेझर गेलेला. तो जुन्या रुंद पट्टीच्या केबलवरचा, म्हणजे आयडीई. तसला नवा आता बाजारात मिळत नाही, भंगारातला मिळतो. शिवाय कॅबिनेटवर कंपनीचं सील, ते तोडलं की वार्षिक करार गेला. कंपनीचा माणूस 'पुढच्या आठवड्यात' येणार होता. चित्रं बाहेर काढायच्या खिडकीत सीडी हा एकच पर्याय दिसत होता, पेन ड्राइव्ह लावला तरी यादीत येत नव्हता. लॅनवरून दुसऱ्या संगणकावर पाठवायची सोय होती, पण ती सर्व्हिसच्या पासवर्डमागे.

डॉक्टरांनी म्हणून ऑनलाइन एक बाहेरचा डीव्हीडी रायटर मागवला होता. चपटा, काळा, वहीएवढा. तो 'खराब निघाला' म्हणून परत पाठवायला खोक्यात भरून ठेवलेला होता.

"सर, हा काढा बाहेर. बघू तर द्या," मी म्हणालो.

"बघा, पण काकांची गाडी चुकवू नका."

ड्राइव्ह लावला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला एक मीटरभर लांब एक्स्टेन्शन वायर होती, टेबलावर हात पोचावा म्हणून कुणीतरी लावलेली. तिच्यात पिन घातली की विंडोजचा 'टिंग' आवाज यायचा, डिस्क फिरायला लागायची, मग आतून टक्-टक्, आणि उलटा 'टिंग'. ड्राइव्ह गायब. पाच-सात सेकंदांनी पुन्हा हजर. तिथली टेक्निशियन ताई म्हणाली, "सकाळपासून हेच चाललंय भाऊ."

ह्या आवाजाला मी आता ओळखतो. बाहेरचे ड्राइव्ह 'खराब' म्हणून येतात त्यातले बरेचसे चांगलेच असतात, त्यांना वीज पुरत नसते. यूएसबी २.० च्या पोर्टने जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर द्यावेत असं ठरलेलं आहे. ड्राइव्ह उलटा केला, खालच्या चिठ्ठीवर ५ व्होल्ट, १.५ अँपिअर छापलेलं. एवढा सतत लागत नाही, पण डिस्कला वेग देताना आणि लेझर लिहीत असताना ओढ वाढते ती ५०० च्या बरीच वर.

माझ्या पिशवीत यूएसबीचा छोटा मीटर असतो, पोर्ट आणि वायर यांच्यामध्ये खोचायचा. नुसता खोचला तर ५.०८ व्होल्ट. ड्राइव्ह लावून डिस्क फिरायला लागली की ४.७, ४.५, ४.३, आणि टक्. पडद्यावरचा आकडा सरकताना ताईला आणि सरांना बोलावून दाखवला. हे दाखवल्याशिवाय लोकांना पटत नाही, आणि खोक्यातली वस्तू परत जाते, दुसरी येते, तीही तशीच वागते. मग शिव्या वस्तूला.

काका दारात उभे होते. त्यांनीही डोकावून पाहिलं.

"म्हंजी मोटरीवानीच की ओ हे. लाइट डाऊन असली की नुसती घुमायलीय अन् स्टार्टर पडायलाय."

अगदी तेच. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

एक्स्टेन्शन काढून फेकली. पुढचे पोर्ट मदरबोर्डपासून पातळ वायरींनी आणलेले असतात, तिथेही व्होल्टेज पडतं, म्हणून थेट मागच्या पोर्टला लावला. आता ड्राइव्ह टिकला, डिस्कचं नावही दिसलं. पण वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. लिहिताना मधेच पडला तर सीडी वाया. ड्राइव्हला मागे जुन्या धाटणीचं मिनी यूएसबीचं तोंड होतं, हे नशीब. कित्येक स्वस्त ड्राइव्हना वायर आतूनच जोडलेली येते, मग काही करता येत नाही. दुकानातल्या पोराला फोन करून भंगाराच्या डब्यातून दोन पिनांची वायर मागवली. पूर्वी लॅपटॉपच्या छोट्या हार्ड डिस्कच्या डबीबरोबर यायची ती: एका टोकाला मिनी पिन, दुसऱ्या टोकाला दोन यूएसबी पिना. एकीतून डेटा आणि वीज, दुसरीतून नुसती वीज. मागच्या दोन पोर्टना दोन्ही लावल्या. डिस्क फिरली, मीटर ४.८ च्या खाली गेला नाही.

लगेच कोपऱ्यात पिवळा फुगा: हे उपकरण याहून वेगाने चालू शकतं. म्हणजे पोर्ट जुन्या यूएसबी १.१ च्या चालीने चालत होते, सेकंदाला १२ मेगाबिट. संगणक बंद करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये शिरलो. यूएसबी २.० च्या ओळीसमोर 'फुल स्पीड' निवडलेलं. फुल स्पीड म्हणजे १२ मेगाबिट आणि 'हाय स्पीड' म्हणजे ४८०, हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला. बदललं, सेव्ह केलं, फुगा गेला.

सॉफ्टवेअर उघडलं, काकूंचा स्कॅन निवडला, सीडीचं बटण दाबलं. 'डिस्क टाका.' डिस्क तर आत होती!

सॉफ्टवेअर ई ड्राइव्हकडे बघत होतं. ई वर बसला होता तो आतला मेलेला रायटर, कारण लेझर गेला तरी विंडोजला तो दिसतोच. नवा आला होता एफ वर. सॉफ्टवेअरमधलं अक्षर बदलायला पुन्हा तोच सर्व्हिस पासवर्ड. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन मेलेल्याला एक्स दिलं आणि मोकळं झालेलं ई नव्याला. सॉफ्टवेअरला हात न लावता काम झालं, आणि करारवाले विचारतील तर उत्तर देता येईल.

एक्सपीची आणखी एक खोड इथं आडवी आली. विंडोजमधून सीडी लिहायची परवानगी एका वेळी एकाच ड्राइव्हला मिळते, आणि ती खूण अजून जुन्याच्याच नावावर होती. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये रेकॉर्डिंग या भागात जाऊन ती नव्याला दिली.

तरीही 'कोरी सीडी टाका'. आता डिस्कच हातात घेऊन पाहिली, तर ती डीव्हीडी! बाजारात कोऱ्या सीडी दिसेनाशा झाल्यात, म्हणून दुकानदाराने "हे पण चालतंय" म्हणून डीव्हीडी टेकवलेल्या. एक्सपीला स्वतःहून डीव्हीडी लिहिता येत नाही, आणि हे सॉफ्टवेअर एक्सपीच्याच भरवशावर. पोराला पुन्हा पळवलं. पूर्वी मोबाइलमध्ये गाणी भरून देणाऱ्या एकाकडे अर्धी गड्डी शिल्लक होती, त्याने ती पैसे न घेता दिली.

काका तोपर्यंत चारदा दाराशी येऊन गेले होते. "जमायलं का नाई ओ?"

"जमतंय काका. बसा, पाणी घ्या."

सीडी चढली. हिरवी पट्टी सरकत होती तेव्हा खोलीत कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही, का कुणास ठाऊक. बाहेर आली तशी मी ती आधी माझ्या लॅपटॉपला दुसरा ड्राइव्ह लावून उघडली. ज्याने लिहिली त्याच ड्राइव्हवर तपासून उपयोग नसतो, तो आपलं अक्षर ओळखतोच. डायकॉमडीआयआर नावाची फाइल होती, तीच ह्या चित्रांची अनुक्रमणिका. तिच्याशिवाय मुंबईतल्या मशीनला काय कुठे आहे ते कळत नाही. पहिला, मधला, शेवटचा काप उघडून पाहिला. मग दुसरी प्रत काढली, कारण एवढ्या प्रवासात एकच सीडी नेणं मला पटत नाही.

ताई बॉलपेन घेऊन नाव लिहायला निघाली होती, ते थांबवलं. सीडीचा चमकणारा थर वरच्या, छापील बाजूच्या अगदी खाली असतो, खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचं कवच असतं. बॉलपेनचं टोक वरून दाबलं की थेट थरावर. म्हणून मार्कर, आणि तोही मधल्या पारदर्शक कड्यावर. चिकट स्टिकर तर नाहीच, तो सोलताना थर घेऊन निघतो.

काका रिक्षात बसले, गाडी मिळाली. तिकडे सीडी उघडली असा ताईला दुसऱ्या दिवशी फोन आला.

कंपनीचा माणूस पंधरवड्याने आला, बाहेरचा ड्राइव्ह बघून नाक मुरडलं आणि नव्या वर्कस्टेशनचं कोटेशन देऊन गेला. सरांनी ते खणात ठेवलं. कॅबिनेटच्या मागे मी ठळक मार्करने चिठ्ठी लावून आलो होतो: 'दोन्ही पिना लावा. मागेच लावा.'

परवा पुन्हा फोन. ड्राइव्ह येतोय आणि जातोय. गेलो, मागे पाहिलं, एकच पिन लावलेली. दुसऱ्या पोर्टमध्ये वॉर्डबॉयचा मोबाइल चार्जिंगला होता.