महाड ते सावंतवाडी: कन्सोल केबल, एक्स्पेक्ट आणि चार प्रोसीजर

काम थोडक्यात असं. एका पतसंस्थेच्या कोकणातल्या शाखांमध्ये सिस्कोचे जुने स्विच (शाखेतले संगणक नेटवर्कला जोडणारे खोके) आहेत. प्रत्येक ठिकाणी कन्सोल पोर्टला (थेट केबलने स्विचशी बोलायच्या खाचेला) लॅपटॉप जोडायचा, व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगवेगळे नेटवर्क) नव्याने आखायचे, दुरून शिरण्याची टेलनेट ही उघडी वाट बंद करून एसएसएच ही सुरक्षित वाट चालू करायची, पासवर्ड बदलायचा, कॉन्फिगरेशनची (स्विचच्या सगळ्या सेटिंगची) प्रत घ्यायची आणि पुढचं गाव गाठायचं. हे ऑफिसात बसूनही जमतं, नाही असं नाही. पण व्हीलॅन बदलताना आपण ज्या वाटेने आत शिरलो तीच वाट बंद होण्याची शक्यता असते, आणि मग कॅशियरला फोनवर "मागची दुसरी केबल काढा, नाही, तिच्या शेजारची" असं सांगत बसावं लागतं. म्हणून प्रत्यक्ष जायचं ठरलं. महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या शाखा दुसरी टीम करणार आहे. हा वृत्तांत त्यांच्यासाठी, आणि असंच काम अंगावर येणाऱ्या कोणासाठीही.

हत्यार जुनंच घेतलं: एक्स्पेक्ट. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेत डॉन लिब्स यांनी ते लिहिलं आणि १९९० मध्ये लोकांपुढे मांडलं. जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेवर ते बेतलेलं आहे. कल्पना साधी आहे. समोरचा प्रोग्राम माणसाशी बोलतोय असं समजून प्रश्न विचारतो, आणि माणसाच्या जागी स्क्रिप्ट बसलेली असते. 'स्पॉन'ने प्रोग्राम सुरू करायचा, 'एक्स्पेक्ट'ने ठरावीक मजकुराची वाट पाहायची, 'सेंड'ने उत्तर पाठवायचं, आणि गाडं अडलंच तर 'इंटरॅक्ट'ने कीबोर्ड माणसाच्या हाती द्यायचा. पायथॉनवाल्यांना पीएक्स्पेक्ट आहे, त्यात सगळं जवळपास असंच चालतं. मला टीसीएल हाताला बसलंय, म्हणून तेच.

महाडच्या शाखेत सगळं सुरळीत झालं, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. एक बारकी गोष्ट तेवढी: उबंटू २२.०४ असलेल्या लॅपटॉपवर सीएच३४० चिपची यूएसबी-सिरियल केबल लावली की पोर्ट दिसतो आणि लगेच गायब होतो. ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएलटीटी नावाचं पॅकेज ती केबल आपलीच समजून ताब्यात घेतं. पॅकेज काढून टाका किंवा एफटीडीआय चिपची केबल न्या. आपला यूजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांत) आहे का, हेही घरूनच बघून निघा. शाखेत इंटरनेटचा भरवसा धरू नका. ते ज्या स्विचवरून येतं तोच तर तुम्ही उघडून बसलेले असणार.

आता मुख्य गोष्ट, स्क्रिप्टची. सगळा क्रम एका लांबलचक फाइलमध्ये सेंड-एक्स्पेक्ट, सेंड-एक्स्पेक्ट असा लिहिण्याचा मोह होतो, आणि मध्ये मध्ये 'स्लीप ५' पेरले जातात. अशी स्क्रिप्ट म्हणजे पाटी न वाचता घड्याळ बघून एसटीत चढणं. मी सगळं काम चार प्रोसीजरमध्ये, म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या तुकड्यांमध्ये, बसवलं. टीसीएलमध्ये प्रोसीजरला देवनागरी नाव चालतं, म्हणून नावंही तशीच ठेवली: 'जोड', 'थांब', 'हुकूम' आणि 'ताबा'.

'जोड' सिरियल पोर्ट उघडते, वेग ९६०० (सेकंदाला इतके बिट) ठेवते, एकदा एंटर पाठवते आणि समोर काय येतं ते पाहते. इथे टीसीएलची एक खोच आहे. प्रोसीजरच्या आत स्पॉन केलं की 'स्पॉन_आयडी' हे, कोणत्या प्रोग्रामशी बोलायचं ते सांगणारं, व्हेरिएबल त्या प्रोसीजरपुरतंच तयार होतं आणि ती संपली की नाहीसं होतं. पुढची प्रोसीजर मग बाहेरचं, ग्लोबल स्पॉन_आयडी धरते, आणि ते सुरुवातीपासून तुमच्याच टर्मिनलकडे बोट दाखवत असतं. परिणाम मजेदार असतो: पाठवलेला प्रत्येक हुकूम स्क्रीनवर उमटतो, सगळं चाललंय असं वाटतं, आणि स्विचला मात्र काही पत्ता नसतो. म्हणून 'जोड'च्या पहिल्या ओळीत स्पॉन_आयडी ग्लोबल असल्याचं सांगणं सक्तीचं. 'टाइमआउट'चा, म्हणजे किती सेकंद वाट पाहायची त्या मर्यादेचा, नियम मात्र सोयीचा आहे. तो आधी प्रोसीजरच्या आत शोधला जातो, नसेल तर बाहेर. त्यामुळे एखाद्या संथ कामापुरता तो आत वाढवला तरी बाकीच्या स्क्रिप्टला धक्का लागत नाही.

'थांब' म्हणजे प्रॉम्प्टची (स्विच पुढचा हुकूम घ्यायला तयार असल्याच्या खुणेची) वाट पाहणारी. सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर घालवा. नुसत्या '#' वर थांबायचं नाही. जुन्या स्विचवर कोणीतरी हौसेने '#'च्या रांगांची चौकट करून "अनधिकृत प्रवेश निषिद्ध" असा बॅनर टाकलेला असतो, आणि स्क्रिप्ट तिथेच फसते. पॅटर्नच्या शेवटी '$' लावला की सुटलो, असंही नाही. एक्स्पेक्टमध्ये '$' म्हणजे आतापर्यंत आलेल्या मजकुराचा शेवट, पूर्ण उत्तराचा नव्हे. ९६०० वेगाला सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं येतात, म्हणजे उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि एखादा तुकडा नेमका '#' वर तुटतो. जीडीबी ह्या, प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनाची चाचणीव्यवस्थाही एक्स्पेक्टवरच चालते. तिथे हाच दोष पकडण्यासाठी 'चेक-रीड१' नावाची वेगळी सोय आहे, जी मुद्दाम एकेक अक्षर वाचायला लावते. आपल्याकडे तेवढी चैन नाही. तेव्हा 'जोड'मध्येच प्रॉम्प्टवरून स्विचचं नाव पकडायचं आणि 'थांब'चा पॅटर्न असा बांधायचा: नवी ओळ, मग ते नाव, मग हवं तर कंसातला मोड, मग '#' किंवा '>'. नाव लांब असेल तर कॉन्फिग मोडमध्ये प्रॉम्प्ट कापला जातो, म्हणून नावाची सुरुवातीची आठ-दहा अक्षरंच घ्या.

ह्याच प्रोसीजरमध्ये वाटेत येणारे ओळखीचे अडथळेही ठेवायचे. पान भरल्यावर '--मोर--' दिसलं तर स्पेस पाठवा आणि 'एक्स्प_कंटिन्यू' म्हणा, म्हणजे वाट पाहणं पुन्हा सुरू होतं. (सुरुवातीलाच 'टर्मिनल लेंथ ०' दिलं तर ते येणारच नाही, तरी असू द्या.) '[कन्फर्म]' आला तर एंटर. टीसीएलमध्ये दुहेरी अवतरणात चौकोनी कंस आला की आतला शब्द हुकूम समजून चालवला जातो, त्यामुळे असे पॅटर्न महिरपी कंसात लिहायचे. 'ईओएफ' (समोरचा प्रोग्राम बंद झाला) आणि 'टाइमआउट' ह्या दोन फांद्या तर प्रत्येक ठिकाणी हव्यातच. मूळ टाइमआउट १० सेकंदांचा असतो, आणि तो उलटला तर एक्स्पेक्ट काही तक्रार न करता पुढची ओळ चालवतं. निम्मे घोटाळे इथेच होतात.

'हुकूम' एक ओळ पाठवते, शेवटी कॅरेज रिटर्न (एंटर) लावते आणि 'थांब'ला बोलावते. स्विच आपण पाठवलेली ओळ परत छापतो, म्हणून उत्तरात काही शोधायचं असेल तर ती पहिली ओळ आधी वगळायची. "इन्व्हॅलिड इनपुट" दिसलं तर 'हुकूम' शून्याऐवजी एक परत करते आणि पुढे काय ते बोलावणाऱ्याने ठरवायचं. मदतनीस प्रोसीजरने स्वतःच स्क्रिप्ट बंद करून टाकणं मला पटत नाही. अर्धवट बदललेला स्विच मागे राहतो. जुन्या कन्सोलवर लांब ओळ भरभर पाठवली तर अक्षरं गळतात. 'सेंड'ला 'एस' पर्याय देऊन 'सेंड_स्लो'मध्ये एकेक अक्षर आणि थोडा अवकाश ठरवला की ते थांबतं.

चिपळूणला ह्या सगळ्याचा कस लागला. २०२१ च्या पुरानंतर तिथे बऱ्याच जणांनी यंत्रं वरच्या मजल्यावर हलवलीत, ह्या शाखेचा रॅकही माळ्यावर आहे. खाली काउंटरवर कोणीतरी प्रिंटरची केबल काढली आणि स्विचने प्रॉम्प्टला लागूनच "लिंक डाउन" असा संदेश छापला. प्रॉम्प्ट आला होता, पण त्याच्या पुढे संदेश चिकटल्यामुळे पॅटर्न जुळेना. टाइमआउट झाला आणि चौथी प्रोसीजर, 'ताबा', कामाला आली. ती शेवटचा मजकूर दाखवते, कशाची वाट पाहत होतो ते मराठीत सांगते आणि इंटरॅक्टने कीबोर्ड आपल्याकडे देते. एंटर दाबला, प्रॉम्प्ट आला, ठरवलेली खूण टाइप केली की ताबा परत स्क्रिप्टकडे. उपाय सोपा आहे: 'जोड' झाल्याबरोबर 'नो लॉगिंग कन्सोल', आणि निघताना ते पूर्ववत. पॅटर्न का जुळत नाही हे कळत नसेल तर 'एक्स्प_इंटर्नल १' लावा. आलेला मजकूर आणि प्रत्येक पॅटर्न शेजारी शेजारी मांडून जुळला की नाही ते तो सांगतो. आउटपुट भलताच लांब येतो, पण त्याच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही.

रत्नागिरीला आरएसएच्या चाव्यांनी वेळ खाल्ला. एसएसएचसाठी चावी बनवताना स्विच आधी विचारतो किती बिटांची हवी. जुनी चावी असेल तर त्याआधी "खरंच बदलू का" असंही विचारतो. दोन्ही प्रश्न पॅटर्नमध्ये धरा. जुन्या प्रोसेसरला २०४८ बिटांची चावी घडवायला एक मिनिटही लागू शकतो, तेव्हा ह्या हुकमापुरता टाइमआउट ३०० ठेवा. आणि आयओएसच्या (सिस्को स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) फाइलच्या नावात 'के९' नसेल तर त्यात एसएसएच नसतंच. 'शो व्हर्जन'चा निकाल प्रत्येक शाखेकडून आधी मागवून घेतलात तर एखादी फेरी वाचेल.

कुडाळला शिपाईकाकांनी दारातूनच सांगितलं, "सायबानु, आता लाईट जातली हां." आणि गेलीच. यूपीएसवर संगणक होते, स्विच नव्हता. वीज परतल्यावर बूटचा सगळा मजकूर ओघाने आला आणि शेवटी "प्रेस रिटर्न टू गेट स्टार्टेड". ही ओळ 'थांब'च्या ओळखीच्या यादीत होती, त्यामुळे स्क्रिप्टने एंटर मारला. पण काम तिथूनच पुढे नेणं धोक्याचं. सेव्ह न केलेले बदल उडालेले असतात. म्हणून ही ओळ दिसली की 'थांब' वेगळा आकडा परत करते आणि सगळा क्रम पहिल्यापासून चालतो. कॉन्फिगरेशन सेव्ह करणं अगदी शेवटी, व्हीलॅन तपासून झाल्यावर, एकदाच. मध्येच वीज गेली तर स्विच जुन्या अवस्थेत उठतो आणि शाखा निदान चालू राहते.

कॉन्फिगरेशनची प्रत घेताना एक लक्षात ठेवा: एक्स्पेक्टचा बफर मुळात २००० अक्षरांचा असतो, त्याहून जुना मजकूर सोडून दिला जातो. 'मॅच_मॅक्स' एक लाखावर न्या, किंवा 'लॉग_फाइल'मध्ये सगळं उतरवा. त्या फाइलमध्ये टाइप ७ चे (सिस्कोच्या कच्च्या पद्धतीने झाकलेले) पासवर्ड असतात आणि ते उलगडणं पोरखेळ आहे. फाइल फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी परवानगी लावा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. नवा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. सुरुवातीला 'एसटीटीवाय'ने एको (टाइप केलेलं स्क्रीनवर उमटणं) बंद करून 'एक्स्पेक्ट_यूजर'ने विचारून घ्या. ऑटोएक्स्पेक्ट हा रेकॉर्डर सोबत मिळतो, पण तो आलेलं प्रत्येक अक्षर, तारीखवेळेसकट, पॅटर्नमध्ये कोंबतो. प्रश्नांचा क्रम समजून घेण्यापुरता वापरा.

आता प्रवासाचं. महाडला कोकण रेल्वे जात नाही, जवळचं स्टेशन वीर. चिपळूणचं स्टेशन वालोप्याला, रत्नागिरीचं कुवारबावला, सावंतवाडीचं मळगावला, म्हणजे तिन्हीकडे रिक्षा आलीच. राजापूर रोड स्टेशन तर गावापासून इतकं लांब आहे की राजापूरसाठी रेल्वेचा विचार सोडा. रत्नागिरीहून लांजामार्गे एसटी बरी. कणकवली आणि कुडाळ रेल्वेला सोयीची. सिंधुदुर्गात दुपारी बाजारपेठ झोपते, शाखेतही गर्दी ओसरते. व्यवस्थापकांशी आदल्या दिवशी बोलून ठेवलंत तर तीच वेळ मागून घ्या, कारण व्हीलॅन बदलताना काउंटर काही मिनिटं बंद राहणार. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, तेव्हा एका दिवसात दोन शाखांपेक्षा जास्त धरू नका. परतीसाठी सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेस आहे. शनिवार-रविवारला जोडून परतत असाल तर आरक्षण निघण्याआधीच करा.